उखळात डोकं



या सदरात प्रवासवर्णन लिहायचं नाही, असं मी मागे ठरवलं होतं. कारण आमच्या प्रवासात वर्णन करण्यासारखं काही घडतच नाही. फार झालं तर कोणाचा तरी चष्मा हॉटेलात राहतो आणि तो परत आणायला दुसरा प्रवास होतो. पण या खेपेला घडलं. आणि ज्यांच्यामुळे घडलं त्या दोघांनीही मला लिहायची परवानगी दिली आहे. एकाने तोंडाने दिली. दुसरा लाकडाचा आहे, त्यामुळे त्याचं मौन हीच संमती धरतो.

लाकडाचा कोण, ते आधी सांगतो. माझा नातू सैन्यातून सुटल्यावर इथल्या पोरांच्या रीतीप्रमाणे हिंदुस्थानात फिरायला गेला. गोव्याला जाताना वाटेत सावंतवाडीला उतरला आणि तिथल्या बाजारातून एक लाकडी बैल घेतला. वीतभर लांब, अंगावर लाल-पिवळी झूल रंगवलेली आणि पायाखाली चार चाकं. आपले पूर्वज कुलाब्यात तेलाच्या घाण्या चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे त्याला मीच लहानपणी सांगितलं होतं. पोराने लक्षात ठेवलं. बैलाचं नाव त्याने ठेवलं ‘शनवार’. मग हा शनवार मोटारसायकलच्या हँडलला बांधून मनाली ते लेह गेला. बारालाचा ला, तांगलांग ला, जिथे माणसाला धाप लागते तिथे हा हसऱ्या तोंडाने फोटोत उभा! परत आल्यावर नातू म्हणाला, “साबा, आता तुझी पाळी. पण फोटो डोंगरातलाच पाहिजे. दिमोनाच्या सुपरमार्केटातला चालणार नाही.”

आता दुसरे. हे माझे बालमित्र. आम्ही दोघे अलिबागजवळच्या एकाच गावचे, एकाच विहिरीचं पाणी प्यालेले. नाव छापलंस तर घरी मलिद्याला बोलावणार नाही अशी धमकी आहे, म्हणून त्यांना नुसतं ‘उस्ताद’ म्हणतो. उस्ताद तरुणपणी एस.टी.त ड्रायव्हर होते, महाड डेपोला. आंबेनळी आणि वरंधा हे घाट त्यांनी रात्री-अपरात्री, धो धो पावसात, छपरावर कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन चढवले-उतरवले. १९७१ साली इस्रायलला आले आणि इथेही बसच चालवली. बावीस वर्षं बेर शेवाहून मित्स्पे रामोनमार्गे एलात, आणि परत. मी आयुष्यभर सूतगिरणीत धागे मोजले. त्यामुळे गाडी माझी, पेट्रोल माझं, लायसन्स माझं, तरी गाडीत बसल्याबरोबर उस्ताद मला ‘क्लीनर’ म्हणतात. आता एवढं सांगितल्यावर अहोजाहो पुरे. समोरासमोर आम्ही अरे-तुरेच करतो.

तू बिश्वातचा मलिदा झाला, त्याच आठवड्यातली गोष्ट. उस्तादचाच फोन आला.

“क्लीनर, तो बैल घेऊन रामोनला जाऊ या. मखतेश बघायचा आहे.”

मी म्हटलं, “बावीस वर्षं तिथूनच तर जात होतास. आता काय बघायचं राहिलं?”

“ते आल्यावर सांगतो. पण गाडी तू चालवायची. माझा गुडघा दुखतो.”

गुडघा दुखतो हे मला खरं वाटलं. या वयात कोणाचा दुखत नाही?

सकाळी सातला निघालो. वहिनींनी चपात्या, सुकी बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी आणि नारळाच्या दुधातला हलवा दिला होता. आमच्या सौ.नी शेजारच्या मोशावातले खजूर दिले. हे खजूर लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे. शनवारला काचेखालच्या फळीवर उभा केला. येरुहामपर्यंत ठीक होतं. पुढे चढउतार सुरू झाले आणि चाकांवरचा बैल धावायला लागला. चढ आला की आमच्याकडे, उतार आला की काचेकडे, आणि काचेवर टक्कर मारून ‘टक्’. दर उताराला ‘टक्’. दोनदा उस्तादच्या मांडीवर पडला. शेवटी उस्तादने एक खजूर सोलला, बी काढली, तो चिकट गोळा शनवारच्या पोटाखाली दाबला आणि त्याला थेट माझ्यासमोर, मीटरच्या पुढ्यात पक्का बसवला.

“अरे, मीटर झाकलंस!”

“मीटर कशाला बघतोस? रस्ता बघ. आम्ही वरंधा उतरायचो तेव्हा मीटर चालू असलेली गाडी मिळाली तर पेढे वाटायचो.”

यावर मी काय बोलणार?

स्दे बोकेरला थांबलो. बेन गुरियन आणि पोलाबाई यांच्या समाध्यांपाशी जाऊन आलो. खाली त्सीन नदीचं कोरडं, पांढरं खोरं पसरलेलं. ज्या माणसाने देशाचं पंतप्रधानपद सोडून १९५३ साली या वाळवंटात मेंढ्या राखायला यावं, त्याला हा देखावा दिसला असेल म्हणूनच तो आला असेल, असं मला वाटतं. उस्तादने शनवारचा फोटो काढला. फोटोत अर्धी समाधी आली, एक याएल म्हणजे रानबकरा आला आणि कोपऱ्यात बैलाचं फक्त शेपूट आलं. मी म्हटलं, “कधी शिकणार फोटो काढायला?” तो हसला. मग माहितीची पाटी माझ्याकडून वाचून घेतली. म्हणाला, चष्मा गाडीत राहिला. चष्मा त्याच्या नाकावर होता! तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे अवदातच्या टेकडीवरचं नबाती लोकांचं जुनं शहर डावीकडे गेलं. धूप आणि मसाल्याचे तांडे दोन हजार वर्षांपूर्वी इथून जात. उस्ताद म्हणाला, “त्यांचाही कोणी क्लीनर असेल.” अकराच्या सुमाराला मित्स्पे रामोनला पोचलो.

ज्यांनी हे गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एलातचा रस्ता बांधणाऱ्या कामगारांची छावणी म्हणून १९५१ साली ते वसलं. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरपेक्षा उंच, आणि गाव संपतं तिथे जमीनच संपते. समोर मखतेश रामोन. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी कुठे दोन तर कुठे दहा, आणि खोली ५०० मीटरच्या आसपास. पुष्कळ लोकांना वाटतं की आकाशातून उल्का पडून हा खड्डा झाला, किंवा हे ज्वालामुखीचं तोंड असावं. तसं नाही. वर कठीण चुनखडीचा थर होता, खाली मऊ वालुकाश्म. वरचा थर फुटला, आणि लाखो वर्षं पाण्याने खालची मऊ माती एकाच वाटेने वाहून नेली. फणसाचं साल राहावं आणि गरे जावेत तसं. ‘मखतेश’ या हिब्रू शब्दाचा अर्थच उखळ. आपल्या आज्यांनी ज्यात मिरच्या कुटल्या ते उखळ, फक्त देवाच्या स्वयंपाकघरातलं.

कठड्यापाशी इलान रामोनच्या नावाचं केंद्र आहे. २००३ साली कोलंबिया यानात गेलेला आपला पहिला अंतराळवीर. तिथे दोघेही टोप्या सारख्या करून गप्प उभे राहिलो. शनवारचा तिथला फोटो मीच काढला, आणि तो बरा आला.

मग निघालो खाली उतरायला. खाली उतरणाऱ्या रस्त्याचं नाव ‘माअले हाअत्समाउत’, म्हणजे स्वातंत्र्याचा चढ. चढणाऱ्याला तो चढ, आम्हाला उतार. नागमोडी वळणं, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उखळ. मी म्हटलं, “उस्ताद, भीती वाटते रे.” तो म्हणाला, “उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं? चल.”

मी ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवलाच. दुसऱ्या वळणाला उस्ताद म्हणाला, “सेकंड टाक.” मी म्हटलं, “ही ऑटोमॅटिक आहे.” “मग दांड्याजवळ काय लिहिलंय ते वाच.” मी वाचलं, “डी, दोन आणि एल.” “दोनवर घे.” दहा वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे. ‘डी’ सोडून पुढे मी कधी गेलोच नव्हतो. ‘एल’ म्हणजे शिकाऊ लोकांसाठी असावं, अशी माझी समजूत होती. आता चालत्या गाडीत नवीन प्रयोग नको म्हणून मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

तिसऱ्या वळणाला उस्तादने नाक वर केलं. कुत्र्यासारखं हुंगलं.

“क्लीनर, काय जळतंय?”

“वहिनींची भाजी असेल.”

“भाजी नाही. लायनर जळतायत. पाय दाब बघू.”

मी पाय दाबला. आणि बंधुभगिनींनो, पाय खाली गेला. लोण्यात गेल्यासारखा गेला. गाडी कमी व्हायला हवी तेवढी कमी झालीच नाही. माझ्या पोटातला नाश्ता गळ्यापाशी आला. मी मनातल्या मनात म्हटलं, “एलियाहू हन्नाबी, खाली सुखरूप उतरव, मलिदा करीन.” आणि त्याच क्षणी एक वेडा विचारही आला: खंडाळ्याच्या खडकावर हन्नाबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत म्हणतात. त्या रथालाही ब्रेक नसतील का?

उस्तादचा आवाज मात्र बदलला नाही. अगदी थंडपणे म्हणाला, “दोनवर घे. घेतलंस? इंजिन ओरडेल, ओरडू दे. ओरडतंय तोवर धरून ठेवतंय. आता पाय सोड, परत दाब. सोड, दाब. आता एलवर. पुढे रुंद जागा दिसली की सांग, तिथे आत घे.” इंजिन असं किंचाळलं की शनवार खजुरासकट थरथरायला लागला. पण गाडी ओढल्यासारखी धीमी झाली. वळणानंतर कड्याला लागून गाड्या थांबायची जागा होती, तिथे मी घुसलो आणि कशीबशी थांबवली. उस्ताद उतरला, चाचपडत एक मोठा दगड घेतला आणि पुढच्या चाकाखाली सारला. मागच्या चाकांतून धूर येत होता. मी पाण्याची बाटली उचलली, तर ओरडला, “पाणी टाकू नकोस! तापलेलं लोखंड तडकेल. वाऱ्यानेच गार होऊ दे.”

मागचीच चाकं का? मी परत गाडीत डोकावलो. हँडब्रेक! वर फोटो काढायला थांबलो होतो तेव्हा ओढलेला, निघताना पुरता खाली गेलाच नव्हता. दोन दाते वर राहिला होता. त्याचा लाल दिवा मीटरमध्ये लागलेला असणार, लागलेलाच होता. पण त्या दिव्यासमोर, खजुरावर पक्के बसून, आमचे शनवारराव पाठमोरे उभे होते. सगळा दिवा त्यांच्या पार्श्वभागाने झाकलेला!

मी खजुरासकट बैल उपटला आणि उस्तादला दाखवला. “बघ! तुझ्या बैलाने मारलं असतं आपल्याला. तो दिवा तुला दिसला नाही, बैल तिथे चिकटवताना?”

तो हसेल असं वाटलं होतं. तो दगडावर बसला आणि म्हणाला, “नाही दिसला.”

माझे हात अजून कापत होते. मी किल्ली त्याच्यापुढे धरली. “हे घे. गुडघा राहू दे बाजूला. खाली तू ने गाडी. तुझ्याइतका हा घाट कोणाला माहीत आहे?”

उस्तादने किल्ली घेतली. हातात फिरवली. बराच वेळ फिरवली. मग माझ्या हातात परत ठेवली.

“गुडघ्याला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “डोळ्यांना झालंय. मधोमध डाग आहे, दोन्हीकडे. डॉक्टर म्हणतात पडद्याचा मधला भाग झिजलाय. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसं तुझं तोंड मला पाठ आहे म्हणा! लायसन्स मीच नेऊन दिलं, त्यांनी मागायच्या आधी. मुलांना अजून सांगितलं नाही. हिला माहीत आहे. आणि आता तुला.”

मला काय बोलावं सुचेना. सकाळचे फोटो, ती पाटी, तो दगड चाचपडणं, सगळं एकदम आठवलं. इतक्या वर्षांचा मित्र, आणि मी त्याला फोटो काढता येत नाही म्हणून हसत होतो.

तोच पुढे बोलला. “अरे, बावीस वर्षं मी या घाटातून गेलो. एकदा सुद्धा मखतेश बघितला नाही. मागे पन्नास माणसं बसलेली. ड्रायव्हरने रस्ता बघायचा. पॅसेंजर म्हणायचे, काय देखावा, काय रंग! मी म्हणायचो, असेल. आता रस्ता दिसत नाही, पण बाजूचं दिसतं. म्हटलं, मग बाजूचंच बघून घेऊ, आहे तोवर.”

मग आम्ही तिथेच दगडावर बसून चपात्या खाल्ल्या. पाऊण तास बसलो. तो मान जरा वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून उखळ बघत होता आणि मला सांगत होता: तिथे काळं दिसतंय, तिथे जांभळट, तिथे पिवळी वाळू आहे का? मी म्हणायचो, आहे. हलवा खाताना एक याएल खाली आला. शनवारला त्याने नीट हुंगलं, आपल्यातला नाही असं ठरवलं, आणि वहिनींच्या चपातीचा तुकडा घेऊन गेला.

चाकं गार झाली. ब्रेक पुन्हा घट्ट लागायला लागला. हँडब्रेक पुरता खाली आहे ना, हे आम्ही दोघांनी हात लावून पाहिलं. मग एलवर, बैलगाडीच्या वेगाने, खाली उतरलो. मधलं मी सांगत होतो आणि वळणं तो सांगत होता, कारण वळणं त्याला पाठ होती. “आता डावीकडे लांब वळण, मग लगेच उजवीकडे बारीक.” एकही चुकलं नाही. मागे तीन गाड्यांनी हॉर्न वाजवले. उस्ताद म्हणाला, “वाजवू दे, त्यांना कुठे बैल सांभाळायचाय.”

खाली मखतेशच्या तळाला ‘हमिन्सारा’ नावाची टेकडी आहे. नावाचा अर्थ सुतारशाळा. जमिनीखालच्या तप्त रसाने वालुकाश्म तापला आणि त्याचे कोरीव तुळयांसारखे दगड झाले. सुताराने लाकडं कापून रचून ठेवावीत तसे दिसतात. शनवारला त्या तुळयांसमोर उभा केला. उस्ताद म्हणाला, “माहेरी आला पोरगा.” फोटो त्यानेच काढला. मी मागे उभा राहून ‘जरा डावीकडे, जरा वर’ सांगत होतो. बैल बरोबर मधोमध आला.

नातवाला पाठवला. त्याचं उत्तर आलं: “साबा, फोटो मस्त. पण बैलाच्या पोटाला ते काय चिकटलंय?”

परत दिमोनाला आल्यावर गाडी गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने ब्रेकचं तेल काढून दाखवलं. काळंकुट्ट, आपल्या कोकमाच्या आगळासारखं. त्याने सांगितलं ते तुमच्याही उपयोगी आहे, म्हणून लिहितो. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलावं. जुनं तेल लवकर उकळतं, त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि मग पाय लोण्यात जातो. उतारावर ब्रेक धरून ठेवू नये. गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी, इंजिनानेच तिला आवरावं. ‘एल’ हे अक्षर शिकाऊ लोकांसाठी नाही. आणि मीटरपुढे काहीही ठेवू नये, बैल तर मुळीच नाही.

नवसाचा मलिदा मी बोललो होतो. तो करायचं ठरवलं, तेव्हा कळलं की घाटात उस्तादनेही मनातल्या मनात तोच बोलला होता. मग दोघांनी मिळून एकच केला, त्याच्या घरी, बेर शेवाला. पोहे, नारळ, केळी, सफरचंद, आणि हो, त्यातले खजूर मीच आणले. हन्नाबीचं गाणं झाल्यावर, वाटप सुरू व्हायच्या आधी, उस्तादने मुलांना समोर बसवून डोळ्यांचं सांगितलं. मोठा मुलगा काही बोलला नाही. उठून बापाच्या ताटात मलिदा वाढला आणि तिथेच शेजारी बसून राहिला.

आता दर महिन्यातून एका गुरुवारी आम्ही निघतो. जे जे रस्ते त्याने बस घेऊन तुडवले आणि बघितले नाहीत, ते एकेक करून बघतो आहोत. अराव्याचा रस्ता झाला. पुढच्या महिन्यात मृत समुद्राकडे उतरणारा आहे. ज्या वाचकांना त्या बाजूला गाडी थांबवायला चांगल्या जागा माहीत असतील त्यांनी कृपया कळवावं. जागा सावलीची हवी आणि बाजूला बघण्यासारखं काही हवं. शनवार मागच्या सीटवर, पट्टा लावून बसतो.

असो. पुढच्या अंकात भेटूच. तोवर सर्वांना शाबाथ शालोम, आणि घरातून निघताना हँडब्रेक बघा.